जाऊबाईंच्या मापाचा ओटा

आमच्या जाऊबाईंच्या नाकावर सतत राग असतो, असं सगळं घर म्हणतं. साफ खोटं. त्यांची उंची चार फूट आठ इंच आणि या घरातली बाकीची माणसं ताडमाड, त्यामुळे त्यांच्या नाकावर काय आहे हे बघायला आजवर कोणी वाकलेलंच नाही. रागीट आहे ती मी, त्यांची धाकटी जाऊ. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कोणाचा उद्धार केला तर दचकायला नको.

जाऊबाई शिवणकाम करतात. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, भिंतीला लागून कापायचं टेबल आणि दारामागे उभा आरसा. पँटी, शर्ट, शाळेचे गणवेश, कोट ढिले करणं, आखूड करणं, सगळं त्या करतात. एकदा त्यांनी माप घेतलं की कपडा दुरुस्तीला परत येत नाही, अशी त्यांची ख्याती. माप घेताना गिऱ्हाइकाला चांगलं फैलावर घेतात. एक बँकेतले साहेब पोट आत ओढून उभे राहिले, तर म्हणाल्या, “सोडा ते पोट. मी पँट शिवतेय, तुमची अब्रू नाही.” साहेबांनी निमूटपणे पोट सोडलं. टेप दिसली की माणूस अंगाने खोटं बोलायला लागतो, हे त्यांचं अनुभवाचं मत होतं. कोणी छाती काढतं, कोणी मान ताणतं. जाऊबाई तोवर थांबतात, इकडचं तिकडचं विचारतात आणि माणूस सैल पडला की पटकन टेप लावतात.

कापायचं टेबल त्यांनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी सुताराला बोलावून पायांकडून कापून घेतलं होतं. ते त्यांच्या हक्काचं होतं. स्वयंपाकघर मात्र सासूबाईंचं. सासूबाई पाच फूट आठ इंच, आणि ओटा त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली बांधून घेतलेला, जमिनीपासून चांगला छत्तीस इंच. त्या ओट्यावर जाऊबाई कांदा चिरायला उभ्या राहिल्या की सुरी त्यांच्या छातीशी यायची. चिरताना खांदे कानांपर्यंत चढायचे. उकळत्या पातेल्यात काय चाललंय ते त्यांना दिसायचं नाही, वासावरून कळायचं. सासूबाई गेल्या, ओटा तसाच राहिला. अशी अठ्ठावीस वर्षं गेली.

त्यातली चौदा वर्षं मी त्यांच्या शेजारी त्याच ओट्याला उभी होते. मी पाच फूट सहा इंच. मला तो ओटा अगदी बेताचा. मी काय तक्रार करायचे, तर नळ फार तिरका आहे म्हणून. नंतर आम्ही वरच्या मजल्यावर वेगळी चूल मांडली आणि मी माझ्या मापाचा ओटा करून घेतला. तेव्हाही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. याचा मला आज इतका संताप येतो की लिहिताना पेन मोडेल.

गेल्या वर्षी जाऊबाईंच्या हातातून कात्री पडली. मग आठवड्यात दोनदा पडली. उजवा हात डोक्याच्या वर जाईना, केस विंचरायला मी खाली जायला लागले. हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आधी शिवणकामाचं सगळं खोदून विचारलं, टेबल केवढं, खुर्ची कशी. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी विचारलं, “स्वयंपाकाचा ओटा किती उंच?” जाऊबाईंनी आपला पंजा छातीशी आडवा धरून दाखवला. डॉक्टरीणबाई त्या पंजाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “रोज तीन-चार तास हात असे वर ठेवून काम करता? अजून एक वर्ष असंच चाललं तर कात्री विसरा.”

कात्री विसरा. त्या बाईंना काय, त्या सहज बोलून गेल्या.

भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, जाऊबाईंचे यजमान, यांना हे सगळं सांगितलं. “बघू,” म्हणाले. दोन महिने बघतच होते. मग सिंकखालचं कपाट पाण्याने कुजलं आणि भाऊजींचे नवे बूट ओले झाले. त्याच आठवड्यात स्वयंपाकघर नवीन करायचं ठरलं! खांद्यासाठी नाही, बुटांसाठी. मी वरून खाली येऊन हे त्यांच्या तोंडावर बोलणार होते, तर आमच्या यांनी माझा हात धरला. “काम होतंय ना? मग कशाला तोंड लावतेस?” हे सज्जन माणूस आहेत. या घरात सज्जन माणसांमुळे माझं फार नुकसान झालंय.

तर आता ग्रॅनाइटवाला शोधायचा. नवा ओटा ग्रॅनाइटचाच, हे सगळ्यांना मान्य होतं. कोणाकडून करायचा, इथे घोडं अडलं.

पहिल्यांदा भाऊजी आम्हाला एका झकपक शोरूममध्ये घेऊन गेले. गार हवा, गुळगुळीत फरशी, सेंट मारलेला विक्रेता. त्याने दगडांचे नमुने काढले आणि एकेक करून भाऊजींच्या हातात दिले. भाऊजींनी आयुष्यात ओट्यावर फक्त टिफिन ठेवलाय, तोही रिकामा. पण तो इसम “साहेब, हा बघा, साहेब, यावर डाग पडत नाही,” असं त्यांनाच सांगत सुटला. शेवटी जाऊबाईंनी मध्येच विचारलं, “उंची किती ठेवता?”

“स्टँडर्ड, मॅडम.”

“स्टँडर्ड म्हणजे कोणाची?”

“चौतीस इंच. सगळीकडे हीच असते.”

“अठ्ठावीस वर्षं मापं घेतेय,” जाऊबाई म्हणाल्या. “स्टँडर्ड माणूस अजून माझ्या दारात आलेला नाही. तुमच्याकडे येतो का?”

तो भाऊजींकडे बघून हसला. भाऊजीही हसले. दोन पुरुषांनी एका बाईच्या डोक्यावरून हसण्याची ही जी पद्धत आहे, तिच्यासाठी एखादी शिक्षा असायला हवी. आम्ही बाहेर पडलो तेव्हा जाऊबाई फक्त एवढंच म्हणाल्या, “हा नको.”

दुसरा भाऊजींच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी ओळखीचा. तो घरी आला. हातात लेझरचं यंत्र, भिंतीवर लाल ठिपका. टिक केलं की आकडा, टिक केलं की आकडा. खिडकी झाली, भिंत झाली, गॅसची जागा झाली. जाऊबाई स्वयंपाकघराच्या मधोमध उभ्या होत्या, आपल्याला कधी विचारतोय याची वाट बघत. त्याने विचारलं. “मॅडम, जरा बाजूला होता का? माप घेता येत नाहीये.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिच्यासाठी ओटा, तीच मापाच्या आड येते! मी त्याला म्हटलं, “तुम्ही असं करा, तुमचं यंत्र घ्या आणि तुम्हीच बाजूला व्हा.” तो भाऊजींकडे तक्रार घेऊन गेला. संध्याकाळी भाऊजी मला म्हणाले, “तू वरच्या मजल्यावर राहतेस ना? मग खालच्या ओट्याशी तुझा काय संबंध?” मी म्हटलं, “चौदा वर्षांचा.”

यानंतर जाऊबाईंनी एक अट घातली. ज्याला काम द्यायचं त्याने आधी केलेला एखादा ओटा दाखवायचा, आणि तोही शोरूममधला नाही, कोणाच्या तरी घरातला, वापरातला. तिसऱ्याने ती कबूल केली. आम्ही दोघी त्याच्याबरोबर एका अनोळखी बाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन धडकलो. ओटा वरून आरशासारखा. बाई कौतुकाने दाखवत होत्या. जाऊबाईंनी वरून बघितलंच नाही. मटकन खाली बसल्या, कपाटाचं दार उघडलं, डोकं आत घातलं आणि लादीच्या खालून हात फिरवायला लागल्या.

“अहो, हे काय करताय?” त्या घरच्या बाई घाबरल्या.

“आतून बघतेय,” आतून आवाज आला. “कोट मी नेहमी उलटा करून बघते. शिलाई तिथे कळते.”

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या बोटाला बारीक चीर पडली होती. सिंकसाठी कापलेली कड खालून तशीच धारदार सोडलेली, आणि कोपऱ्यातून एक तडा गेलेला, तो काळ्या लांबीने बुजवून टाकलेला. जाऊबाईंनी ते दाखवलं. त्या बाई आधी आमच्यावर चिडल्या, मग खाली वाकून स्वतः बघितलं, आणि मग जो काही त्या ग्रॅनाइटवाल्याचा पाणउतारा झाला, तो मी चवीने ऐकला. चहा मात्र मिळाला नाही.

“तू ओटा करतेयस की मुलीचं लग्न जमवतेयस?” भाऊजी म्हणायला लागले. “हा नको, तो नको. तुझ्या नखऱ्यांपायी पुढचं वर्ष उजाडेल.”

जाऊबाई डाव्या हाताने उजवा खांदा दाबत मशीनवर बसत. पुढच्या वर्षाची भीती त्यांना भाऊजींपेक्षा जास्त होती.

चौथा आला तो गिऱ्हाईक म्हणून. पन्नाशीचा, अंगावर पांढरी भुकटी, भुवयासुद्धा पांढऱ्या. कामाच्या पँटी शिवायच्या होत्या, गुडघ्यावर दुहेरी कापड हवं होतं. बोलायला तयार नाही. जाऊबाईंनी दहा प्रश्न विचारले की एक उत्तर. मी त्याचं नाव घुम्या ठेवलं. गुडघ्याला दुहेरी कापड कशाला, असं विचारल्यावर म्हणाला, “दगड बसवतो. ओटे.” मग टेप लावणाऱ्या जाऊबाईंच्या हाताकडे बघून आपणहून म्हणाला, “हात कधीपासून दुखतोय?”

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी त्याच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, पायाखाली चिखल, फिरत्या पात्यावर पाण्याची धार आणि भिंतीला टेकून उभ्या लाद्या. बसायला खुर्ची नाही. “केलेलं काम दाखवा,” म्हटल्यावर तो आम्हाला मागच्या गल्लीतल्या एका खानावळीत घेऊन गेला. तिथला ओटा अकरा वर्षांचा, त्याच्यावर दिवसभर मोठी पातेली आदळतात. जाऊबाई खाली बसल्या, हात आत गेला, आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही.

“खालूनपण पॉलिश केलंय,” त्या म्हणाल्या.

“हात लागतो तिथे,” घुम्या म्हणाला.

दोन लाद्यांचा जोड त्यांनी नखाने शोधला. सापडला नाही. डोळे मिटून पुन्हा शोधला. मग उठल्या आणि तिघांना नकार दिल्यानंतर पहिल्यांदा हसल्या. “हाच.”

घरी यावरून रणकंदन. भाऊजींचं म्हणणं, त्याचं ना दुकान, ना छापील कागद, ना धड बोलणं. असल्या माणसाच्या हातात घर द्यायचं? आणि लोकांना सांगायचं तरी काय? जाऊबाईंनी हातातलं कापड खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. “तो नाही तर ओटा नाही. आणि ओटा नाही तर स्वयंपाक नाही. उद्यापासून डबा बाहेरून मागवा.” भाऊजींनी दोन दिवस खरंच मागवला. तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं आणि घुम्याला निरोप गेला.

घुम्याची माप घ्यायची रीत मी कुठे बघितली नव्हती. त्याने भिंतीला टेप लावलीच नाही. एक बुटकं टेबल आणलं, त्यावर सपाट फळ्या एकावर एक रचल्या आणि जाऊबाईंना म्हणाला, “कांदा चिरा.” त्या चिरायला लागल्या. तो कोपराकडे बघत उभा. एक फळी काढली. “चिरा.” एक पातळ फळी घातली. “चिरा.” तीन कांदे झाले, आमचे सगळ्यांचे डोळे पाण्याने भरले. शेवटी जाऊबाई म्हणाल्या, “हं. हे बरोबर. खांदा हलका वाटतो.”

त्याने जमिनीपासून मोजलं. तेहेतीस इंच. त्याने पुन्हा मोजलं. मग जाऊबाईंकडे डोक्यापासून खालपर्यंत बघितलं. त्यांच्या अंगात नेहमीचा घोळदार गाऊन होता, फरशीला टेकलेला. “जास्त वाटतंय,” तो पुटपुटला.

“मला मापं शिकवू नका,” जाऊबाई म्हणाल्या.

त्याने तोच आकडा लिहून घेतला. भाऊजी बाहेरून ऐकत होते, ते आत आले. “तेहेतीस? आणि तो शोरूमवाला चौतीस म्हणत होता! एवढा गाजावाजा करून एका इंचाची कमाई!” हा विनोद त्यांनी पुढचा आठवडाभर सगळ्या नातेवाइकांना फोन करून ऐकवला.

ओटा बसला. काळाभोर, खालच्या कडासुद्धा गोल केलेल्या. जाऊबाई त्यावर ओला फडका फिरवून पुन्हा कोरडा फिरवत. जुन्या ओट्यापेक्षा तीन इंच कमी, म्हणजे सुखच होतं. पंधरा दिवस गेले. मग एका सकाळी त्यांनी मला हाक मारली, तिच्यात असं काही होतं की मी वरून पायऱ्या गाळत उतरले.

कापायच्या टेबलावर कोणाच्या तरी कोटाचं कापड होतं, आणि त्यावर वाकडी गेलेली कात्री. हात मध्येच सुटला होता. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी गिऱ्हाइकाचं कापड वाया घालवलं होतं. खांदा सुजलेला. “कमी नाही झालं गं,” त्या म्हणाल्या. “वाढलंय.”

मी घुम्याला फोन करून बोलावून घेतलं आणि तो दारात पाऊल ठेवतोय तोवर तोंडाचा पट्टा सोडला. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. फळ्या रचायचं नाटक, मुखदुर्बळ माणसांवर विश्वास ठेवण्याचा मूर्खपणा, सगळं काढलं. तो खाली मान घालून ऐकत होता. माझा दम संपल्यावर जाऊबाईंना म्हणाला, “ताई, कांदा चिरा.”

जाऊबाई धुसफुसत ओट्याशी गेल्या आणि चिरायला लागल्या. घुम्या त्यांच्या मागे गुडघ्यांवर बसला. खिशातून एक घडी केलेला कागद काढला, गाऊनच्या काठाखालून जमिनीसरसा आत सारला. कागद गेला. त्याच्या मागून त्याची बोटं गेली. मग सगळा पंजा गेला.

“ताई, टाच,” तो म्हणाला.

जाऊबाईंनी चिरणं थांबवलं आणि गाऊन जरासा वर उचलला. त्या चवड्यांवर उभ्या होत्या. त्यांच्या दोन्ही टाचा जमिनीपासून दोन-अडीच इंच वर, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नाही! माप दिलं तेव्हाही त्या तशाच उभ्या होत्या. त्या जुन्या ओट्याशी अठ्ठावीस वर्षं त्या तशाच उभ्या होत्या. दमल्या की टाचा खाली टेकायच्या आणि खांदे वर जायचे, पुन्हा चवडे, पुन्हा खांदे. अंगाने खोटं बोलणाऱ्या शंभर गिऱ्हाइकांना त्यांनी सरळ केलं होतं, आणि स्वतःचं अंग त्यांना फसवून गेलं.

त्यांचा चेहरा उतरला. इतका की मला बघवेना.

भाऊजी मात्र हसले. मोठ्याने. “म्हणजे चूक तुझीच! लोकांची पोटं बाहेर काढतेस आणि स्वतः चवड्यावर? आता काय, घे चालवून. दोन इंचांचा तर प्रश्न आहे.”

मग मात्र मी कोणाचा मुलाहिजा ठेवला नाही. “भाऊजी,” मी म्हटलं, “तुमच्या बुटात दोन थेंब पाणी गेलं तर सगळं स्वयंपाकघर तोडलंत. ही बाई अठ्ठावीस वर्षं चवड्यांवर उभी राहून तुम्हाला जेवायला घालतेय. तुम्ही एकदा तरी खाली बघितलंत? दोन इंच चालवून घ्यायचेत तर तुम्ही घ्या. उद्या तुमची पँट दोन इंच आखूड करते आणि जा ऑफिसला!” आमचे हे मागे उभे होते. या वेळी त्यांनी माझा हात धरला नाही. भाऊजी पुढच्या खोलीत निघून गेले आणि त्यांनी टीव्ही लावला. माफी वगैरे नाही. त्यांच्याकडून ती मिळेल अशी मी वाटही बघत नाही.

घुम्या उठून उभा राहिला. “मला जास्त वाटलं होतं,” तो म्हणाला. “बोलायला हवं होतं. पायाकडे बघायला हवं होतं.” त्याच्याकडून एका दमात तीन वाक्यं मी त्याच दिवशी ऐकली. मग त्याने सांगितलं की लादी उचलून खालचे उभे दगड कापता येतील. पण सिंकच्या भोकाशी लादी अरुंद आहे. उचलताना तडकू शकते. तडकली तर या रंगाची दुसरी मिळणार नाही.

सगळे जाऊबाईंकडे बघायला लागले. त्या आपल्या टाचांकडे बघत होत्या.

“उसवा,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी घुम्या आणि त्याची दोन माणसं आली. जोड कापला, पाचरी ठोकल्या, दोरांनी लादी बांधली. तिघांनी ती इंचाइंचाने उचलली. लादी भिंतीला टेकून उभी राहिली. घुम्याने सिंकच्या कोपऱ्यावर पाणी ओतून बोट फिरवलं आणि मान हलवली. शाबूत होती.

आता पुन्हा माप. पुन्हा बुटकं टेबल, पुन्हा फळ्या, पुन्हा कांदा. जाऊबाईंनी या वेळी गाऊन घोट्यांच्या वर खोचून घेतला होता. टाचा जमिनीला टेकवल्या, सुरी उचलली, चिरायला सुरुवात केली. तिसऱ्या कापाला टाचा वर.

“ताई, टाच.”

त्यांनी टेकवल्या. पुन्हा चिरायला लागल्या. पुन्हा वर. रस्त्याने चालताना, मशीनवर, आरशापुढे त्या टाचा कशा व्यवस्थित खाली असतात. पण हातात सुरी आली, समोर कांदा आला की त्यांना कोणी न सांगता त्या उठतात. घुम्या म्हणाला, नुसतं उभं राहून माप घेतलं तर ते कामाचं माप होत नाही, हात कामात असायला हवा. चौथ्या वेळी, पाचव्या वेळी तेच. सहाव्या वेळी जाऊबाईंनी सुरी फळ्यांवर आपटली.

“माझेच पाय आणि माझं ऐकत नाहीत!” त्या ओरडल्या. त्यांना ओरडताना मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. “कोणी शिकवलं यांना? मी शिकवलं? मला हवं होतं का हे?” त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते कांद्याचं नव्हतं. घुम्या टेप हातात धरून भिंतीकडे बघत उभा राहिला.

मी त्यांच्या मागे फरशीवर बसले. वाकले, आणि दोन्ही हातांनी त्यांच्या टाचा धरल्या. जाड, कडक, भेगा पडलेल्या. चौदा वर्षं माझ्या पायांपासून हातभर अंतरावर होत्या त्या. मी नळ तिरका आहे म्हणून कुरकुर करत होते आणि शेजारी या टाचा हवेत होत्या. मला भाऊजींचा राग आला होता, सासूबाईंचा, शोरूमवाल्याचा, सगळ्या जगाचा राग आला होता. पण तिथे खाली बसल्यावर जो आला तो फक्त माझा स्वतःचा.

“वहिनी, चिरा,” मी म्हटलं.

सुरी चालायला लागली. तिसऱ्या कापाला टाचा माझ्या तळहातांत उसळल्या. मी सगळं वजन टाकून दाबल्या. पुन्हा उसळल्या, पुन्हा दाबल्या. केवढी ताकद होती त्यांच्यात! वर घुम्या एक फळी काढत होता, थांबत होता, अजून एक काढत होता. हळूहळू उसळणं कमी झालं. मग माझ्या हातांवर नुसता त्यांचा भार राहिला. वर सुरीचा आवाज सावकाश आणि एकसारखा यायला लागला, मी त्या घरात आजवर ऐकलेला नव्हता तसा.

टेपचा खळ्ळ आवाज झाला. “पावणेएकतीस,” घुम्या म्हणाला.

“झालं,” मी म्हटलं. माझे हात बधिर झाले होते. “सोडू?”

“थांब जरा,” जाऊबाई म्हणाल्या. “एवढा कांदा संपू दे.”